ओदेहचं मटण

शुजैरा गावात चहा साखरेशिवाय कुणी पीत नाही. डॉक्टरने साखर बंद केलेली माणसंही पीत नाहीत, ती फक्त डॉक्टरकडे जायचं बंद करतात.

लाकडाचं घड्याळ झाड मेलं की सुरू होतं. जळलं कधी, याच्याशी त्या घड्याळाला काही घेणंदेणं नसतं.

मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात.

एका वादळात शुजैराच्या मशिदीचा कर्णा उडाला आणि शेजारच्या गावात जाऊन पडला. त्यांनी तो लावून टाकला. परत मागायला माणसं गेली तेव्हा त्यांना विचारलं गेलं, तुमचाच कशावरून?

खाणकंपनीच्या कॅलेंडरवर मार्चच्या पानावर एक टेकडी आहे. खाली छापलंय: आपला वारसा, आपली जबाबदारी.

वस्तुसंग्रहालयातली पाटी: वस्तूंना हात लावू नये.

शुजैरात कुणी म्हणालं की पुढच्या वर्षी डांबरी रस्ता येणार, तर ऐकणारा शांतपणे मान हलवतो. म्हणतो, "येणार की. ओदेहचं मटणही येतंय."

*

यातलं शेवटचं वाक्य इनआमने पहिल्याच वर्षी ऐकलं होतं. बोलायची एक पद्धत, एवढंच तिला वाटलं. ओदेह नावाचा माणूस खरोखर आहे, जिवंत आहे आणि मशिदीच्या मागच्या गल्लीत राहतो, हे कळायला तिला फार वेळ लागला. उत्खनन करणाऱ्यांचं असंच होतं. जमिनीखालचं आधी दिसतं.

गावात तिला सगळे डॉक्टरबाई म्हणत. सुरुवातीला लोक तिच्या तंबूपाशी गुडघे आणि खोकले घेऊन यायचे. ती सांगायची, बाबांनो, मी मेलेल्यांची डॉक्टर आहे, अम्मानच्या विद्यापीठात तेच शिकवते. मग यायचे थांबले. एक म्हातारा तेवढा म्हणाला की मग आत्ताच नाव घालून ठेवा.

गावाच्या डोक्यावरची टेकडी, तिला सगळे नुसतं तल्ल म्हणायचे, इनआम तिथे कितीतरी हंगाम खणत होती. वर धान्याची कोठारं निघाली होती, वेशीचा उंबरा निघाला होता, माणसांच्या पायांनी झिजून मधे खोलगट झालेला. त्या उंबऱ्यावर ती दुपारची भाकरी खायची. तल्लचं दुर्दैव असं की तिच्या पोटात चुनखडी होती, आणि ती चांगल्या जातीची होती. खाणीची यंत्रं उत्तरेकडून टेकडी खात खात येत होती. सरकारच्या वारसा समितीने थांबवलं तरच थांबणार होती.

समिती म्हणजे नशअत बेग. इतर सदस्य होते, पण ते नशअत बेगांच्या मानेकडे बघून आपली मान हलवायचे. इनआमने अम्मानला जाऊन त्यांच्या टेबलावर तल्लचे नकाशे पसरले तेव्हा बेगांनी ते कौतुकाने पाहिले, एका नकाशावर कॉफीचा पेला ठेवला, आणि म्हणाले की भिंती सगळ्याच टेकड्यांत असतात. या देशात माणसांपेक्षा भिंती जास्त. खापरं तर त्यांच्या बागेतही निघतात, माळी वैतागलाय. समितीच्या नियमाप्रमाणे 'लक्षणीय अवशेष' हवा. लक्षणीय कशाला म्हणायचं ते नियमात नव्हतं. इनआमच्या अनुभवानुसार, ज्याच्याशेजारी उभं राहून मंत्र्यांना फोटो काढता येतो ते लक्षणीय. उंबऱ्याशेजारी उभं राहिलं तर मंत्री नुसते दारात थांबल्यासारखे दिसले असते.

आणि मग खड्डा निघाला.

*

जे होतं ते असं. गोल खड्डा. कडेने भाजून लाल झालेली माती. आत राख, कोळसा, आणि एक मेंढी. अख्खी. डोक्यापासून खुरांपर्यंत सगळी हाडं जागच्या जागी, मान मागे वळलेली. हाडांवर सुरीची खूण नाही. वर दगड, एकमेकांना घट्ट लावून बसवलेले, जसा कुणी मन लावून काही झाकावं तसे.

जे नव्हतं ते असं. खापर नाही, खिळा नाही, मणी नाही, बाटलीचं बूच नाही. म्हणजे काळ सांगेल असं काहीच नाही. हाडं इतकी जळलेली की प्रयोगशाळेने ती आभार मानून परत पाठवली. कोळशाने मात्र उत्तर दिलं. अठ्ठावीसशे वर्षं, थोडं इकडे-तिकडे.

इनआमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. वस्तू कशासाठी होती ते कळलं नाही की लिहायचं, 'धार्मिक विधीसाठी'. विद्यार्थ्यांना ती यावर हसायला शिकवायची. म्हणायची, तुमचा चपलांचा ढीग हजार वर्षांनी सापडला तर तोही विधीसाठीच ठरेल. आता तिने अहवालात लिहिलं: बळीचा खड्डा. पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि त्या प्रश्नचिन्हाच्या भरवशावर शांत झोपली.

विद्यापीठाच्या पत्रकात प्रश्नचिन्ह कंसात गेलं. वर्तमानपत्रात कंस गाळला. दूरदर्शनवर निवेदिका म्हणाली, तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या राजाने देवाला बळी दिला. राजा कुठून आला ते इनआमला कळेना. पण मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन आला की फोटोसाठी ऊन कुठल्या वेळी चांगलं असतं, तेव्हा तिने राजाबद्दल चकार शब्द काढला नाही.

टेकडी वाचत होती. राजा असेना का.

*

दुसऱ्याच सकाळी हाज ओदेह काठी टेकत तल्ल चढून आला. खड्ड्याच्या काठावर बसला. बराच वेळ आत बघत राहिला. इनआमला वाटलं, म्हातारा धाप लागून बसलाय, म्हणून तिने पाणी दिलं. त्याने ते बाजूला ठेवलं.

"पोरी," तो म्हणाला, "हे माझं मटण आहे."

मग त्याने जे सांगितलं ते असं. त्याचं लग्न वसंतात झालं. वऱ्हाडासाठी जर्ब लावायची ठरली, म्हणजे खड्ड्यात निखारे, वर मेंढा, वर झाकण, आणि त्याच्यावर माती लोटून सगळं बुजवून टाकायचं. दुपारपर्यंत मांस हाडावरून गळतं. चुलतभावांनी सकाळी तल्लवर जाऊन मेंढा पुरला. आणि मग खमसीन आला. वाळवंटातलं ते वादळ, दिवसाढवळ्या स्वतःचा हात दिसू देत नाही. उतरलं तेव्हा टेकडी सगळीकडे सारखी झाली होती. खुणेचा दगड नाही, धूर नाही. चुलतभाऊ इथे खणा म्हणाले, तिथे खणा म्हणाले, मग एकमेकांच्या अंगावर गेले. पाहुण्यांनी भाकरी-दही खाल्लं आणि ते उठले. नवरीच्या मामाने जाताना सगळ्यांसमोर म्हटलं की मेंढा असता तर वास तरी आला असता.

तेव्हापासून ते वाक्य गावात आहे. ओदेहच्या पोरांनी ते फौजेत ऐकलं. नातवाने अम्मानमध्ये एका टॅक्सीवाल्याकडून ऐकलं. त्या टॅक्सीवाल्याला ओदेह म्हणजे माणूस की हॉटेल हेही माहीत नव्हतं.

इनआमने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच सांगितलं की हाज, या खड्ड्यातलं लाकूड अठ्ठावीसशे वर्षांचं आहे.

"असेल," हाज म्हणाला. "लग्न करायचं म्हणून मी काय आधी झाड लावून वाट बघत बसलो होतो? तल्लवरच्या जुन्या तुळया होत्या, त्या तोडल्या. सगळेच तोडायचे."

इनआमने हातातली वही मिटली.

कारण तिला हे माहीत होतं. वाळवंटाच्या काठावर लाकूड कुजत नाही. तल्लच्या भिंतींतून जुनिपरच्या तुळया बाहेर डोकावतात, गाव त्या पिढ्यान्‌पिढ्या जाळत आलंय. तिने स्वतः मजुरांना यावरून झापलं होतं. अठ्ठावीसशे हे वय झाडाचं होतं. आग कालची असू शकत होती.

मग तिने वकिलासारखे प्रश्न विचारले. जर्बला लोखंडी जाळी लागते, ती कुठे आहे? हाज म्हणाला, उसनी होती, परत केली. खड्डाच सापडला नाही तर त्यातली जाळी परत कशी केली? हाजने काठीने जमिनीवर एक रेघ ओढली, पुसली, आणि म्हणाला की मग जाळी नसेल. घाई होती. बरं, खाली उतरवण्याआधी मेंढ्याची आतडी काढतात, खूर तोडतात, डोकं वेगळं करतात. इथे सगळं जागेवर आहे. यावर हाज म्हणाला की त्याचे चुलतभाऊ पहिल्यापासून आळशी.

तो खोटं बोलत नव्हता. तो आपली आठवण खड्ड्याच्या मापाने कापत होता. इनआमने ते ओळखलं, कारण गेला महिनाभर तीही तेच करत होती.

*

खाणकंपनीच्या वकिलाला, लबीबला, मौखिक परंपरेबद्दल अचानक प्रेम वाटू लागलं. तो शुजैरात आला, लाल चौकड्यांचा रुमाल डोक्याला बांधून हाजच्या बैठकीत मांडी घालून बसला आणि त्याची कहाणी रेकॉर्ड करून घेतली. म्हणाला, आमच्या कंपनीला वाटतं की इतिहास म्हणजे जिवंत माणसाचा शब्द. विद्यापीठवाले आपल्या वडीलधाऱ्यांवर एका कोळशापेक्षा कमी विश्वास ठेवतात. हाजला गहिवरून आलं. त्याच्या मेंढ्यावर विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस होता.

हाजची बायको नौफा चहा ठेवून आत गेली.

*

समिती तल्लवर आली तेव्हा ऊन चांगलं होतं. मंत्री आले नाहीत, पण फोटोग्राफर आला होता. खुर्च्या मांडल्या, सावलीला ताडपत्री बांधली. मजुरांनी कडेला विस्तव पेटवून मोठी किटली चढवली, पुदिना घातला, साखर घातली, मग पुन्हा साखर घातली.

आधी लबीब बोलला. मग हाजने लग्न सांगितलं. यावेळी कहाणीत जाळी नव्हती आणि चुलतभाऊ आधीपेक्षा आळशी होते. एका सदस्याने विचारलं, लग्नाचा पुरावा आहे? हाजने निकाहनाम्याची प्रत पुढे केली. सदस्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाला की यात मटणाचा उल्लेख नाही.

मग नौफाला बोलावलं. ती बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"माझ्या लग्नात मटण नव्हतं. मला एवढंच माहीत आहे."

लबीब गोड आवाजात म्हणाला, म्हणजे मावशी, मटण होतं पण हरवलं, असंच ना?

"मी पाटावर बसले होते, भाऊ. खड्डे खणायला गेले नव्हते. जे ताटात आलं नाही ते हरवलं की नव्हतंच, हे ताटावर बसलेल्याला कसं कळायचं?"

"उम्म तलाल," थोरल्या पोराच्या नावाने हाक मारत हाज कळवळून म्हणाला, "आयुष्यात एकदा तरी."

"एकदा तरी काय, अबू तलाल? मी तुला कधी खोटा म्हटलं? मी उपाशी होते असं म्हटलं."

नशअत बेगांना हे फार आवडलं. त्यांनी ते इतिवृत्तात घ्यायला सांगितलं. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की यातून कुठल्याच बाजूने काही सिद्ध होत नाही, तेव्हा त्यांनी ते खोडायला सांगितलं.

चहा आला. बेगांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि इनआमकडे वळले.

"डॉक्टरसाहेबा, आता लांबण नको. खड्डा प्राचीन आहे की नाही? एका शब्दात सांगा."

तो एक शब्द तिच्या जिभेवर होता. प्रयोगशाळा तिच्या बाजूने होती, दूरदर्शन तिच्या बाजूने होतं, राजासुद्धा होता. समोर एक म्हातारा, ज्याला जाळी आठवते आणि मग आठवत नाही. तिने 'हो' म्हटलं असतं तर कुणी नाकारू शकलं नसतं. वेशीचा उंबरा वाचला असता. कोठारं वाचली असती. आणि त्या 'हो'ला खोटं तरी कोण म्हणणार होतं? खड्डा प्राचीन असूही शकत होता.

तिची नजर किटलीखाली गेली. विस्तवात एक तुळई अर्धी आत, अर्धी बाहेर होती. जुनिपरची. टोकाला कुणीतरी कधीतरी तासून केलेली खाच अजून दिसत होती.

"बेग, तुमच्या हातातला चहा किती जुना आहे?"

"हा? आत्ताचा."

"त्याच्याखालची राख प्रयोगशाळेत पाठवा. अठ्ठावीसशे वर्षांची निघेल."

एका सदस्याने पेला हळूच खाली ठेवला आणि शेजाऱ्याला विचारलं की पोटाला काही होत नाही ना.

लबीब उठून उभा राहिला होता. म्हणजे खड्डा हाजचा, तो म्हणाला.

"ते मी म्हणाले नाही," इनआम म्हणाली. "लाकूड जुनं आहे. आग कधीची ते मला माहीत नाही. हाजलाही माहीत नाही, त्याला फक्त खात्री आहे. पण वेशीचा उंबरा जुना आहे, बेग. कोठारं जुनी आहेत. ते मला माहीत आहे. त्याबद्दल विचारा."

"भिंतींचा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही," नशअत बेग म्हणाले, आणि दुसरा पेला मागितला.

*

समितीचा निर्णय, इतिवृत्तातून, जसाच्या तसा:

सदर खड्ड्यातील लाकूड प्राचीन असल्याबाबत एकमत झाले. सदर खड्ड्यातील आग प्राचीन असल्याबाबत एकमत झाले नाही. सबब लाकूड संरक्षणास पात्र आहे. टेकडी लाकूड नसल्याने तिचा विचार या प्रकरणी करता येत नाही. खड्डा मातीसकट उचलून वस्तुसंग्रहालयात हलवावा. दोन्ही पक्षांचे समाधान झाल्याची नोंद घ्यावी.

*

खड्डा उचलायला इनआमच होती. दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं, आणि दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिला ते बघवलं नसतं. भोवती चर खणला, कडेला लाकडी चौकट लावली, आत प्लास्टर ओतलं, आणि मेंढी, राख, दगड, सगळं एका ठोकळ्यात क्रेनने वर गेलं. हवेत असताना ते अगदी एखाद्या केकसारखं दिसत होतं.

हाज उंबऱ्यावर बसून बघत होता. त्याच उंबऱ्यावर खाणवाल्यांनी लाल रंगाने फुली मारली होती.

"मी टेकडी घ्या असं म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "मटण माझं, एवढंच म्हटलं होतं."

"मीसुद्धा टेकडी ठेवा एवढंच म्हटलं होतं, हाज. मटणाशी माझं भांडण नव्हतं."

"मग 'हो' म्हणायचं होतंस. मी काय, मला सवय आहे."

इनआमने त्याला उंबऱ्यावरच अर्धी भाकरी दिली. दोघांनी खाल्ली. पुढच्या आठवड्यात उंबरा नव्हता.

*

काचेखालच्या पाटीचे मसुदे:

बळीचा खड्डा, लोहयुग.

बळीचा खड्डा (?), लोहयुग (?).

लग्नातील जर्ब, विसावे शतक. (खाणकंपनीच्या सौजन्याने.)

जळालेली मेंढी.

शेवटचा मसुदा इनआमचा होता. तो फार ठाम आहे असं म्हणून नाकारला गेला. शेवटी जी पाटी लागली ती अशी: विधी अथवा भोजन. लाकूड: लोहयुग. आग: विचाराधीन. खाली बारीक अक्षरात, प्राप्तिस्थान: तल्ल शुजैरा. त्या नावाचं नकाशावर आता एक तळं आहे. खाणीत पाणी साठतं ना, ते.

एका शुक्रवारी हाज नौफाला घेऊन वस्तुसंग्रहालयात आला. इनआम त्यांना दारात भेटली. पहारेकऱ्याला हाजने सांगितलं की हे माझ्या लग्नातलं आहे. पहारेकरी म्हणाला, मुबारक, पण काचेला टेकू नका. शाळेची एक सहल आली होती. बाईंनी मुलांना सांगितलं की पूर्वीचे लोक देवाला घाबरायचे. हाजने त्या मुलांना सांगितलं की पूर्वीचे लोक वादळाला घाबरायचे. मुलांनी दोन्ही लिहून घेतलं.

नौफा काचेपाशी खूप वेळ उभी होती. इनआमला वाटलं, आता ही काहीतरी सांगेल, एखादी गोष्ट जी इतकी वर्षं हिच्या पोटात आहे. ती जवळ सरकली.

नौफा म्हणाली, "बारीकच होती की गं. एवढ्या वऱ्हाडाला पुरली नसतीच." आणि मग नवऱ्याचा हात धरून म्हणाली, चल अबू तलाल, जेवले तुझं मटण मी. आता तरी घरी चल.

हाज तिच्यामागे निघाला. दारापर्यंत तो ताठ चालला, काठी काखेत धरून. इतका ताठ चालताना त्याला इनआमने कधी पाहिलं नव्हतं.

गावात आता दोन वाक्यं आहेत. न येणाऱ्या गोष्टीला अजूनही ओदेहचं मटण म्हणतात. आणि सगळं नीट तपासून, खरं तेच बोलून हातातून गेलेल्या गोष्टीला म्हणतात, डॉक्टरबाईची टेकडी. इनआमने ते परवा अम्मानमध्ये एका टॅक्सीवाल्याकडून ऐकलं. तिने त्याला विचारलं, ही डॉक्टरबाई कोण? तो म्हणाला, कुणी नाही हो, असं म्हणायची पद्धत आहे.

काचेखालची मेंढी आजारी होती. उरलेल्या कळपाला लागू नये म्हणून धनगराने ती खड्ड्यात जाळली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड नीट बसवले, आणि ऊन कलल्यावर बाकीची जनावरं घेऊन तो उत्तरेला निघून गेला.